परिचारिका आणि प्रसाविका : आंतरराष्ट्रीय भागीदारीतून नेतृत्वाची घडण

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांत एखादी लेक, सून किंवा बहीण परिचारिका आहे. कोणी सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे, कोणी धर्मभगिनींच्या दवाखान्यात रात्रपाळी करते, तर कोणी आखाती देशांत किंवा युरोपात नोकरीसाठी गेली आहे. घरात कोणी आजारी पडले, की पहिला फोन तिलाच जातो आणि तिचा शब्द अखेरचा मानला जातो. मात्र ज्या रुग्णालयात ती आयुष्याची उमेदीची वर्षे घालवते, तेथील निर्णयांत तिच्या शब्दाला किती वजन असते?

एका रुग्णालयाच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकांना काही वर्षे उपस्थित राहण्याचा योग आम्हांला आला. टेबलाभोवती डॉक्टर, हिशेबनीस, विश्वस्त व आम्ही धर्मगुरू बसत असू. खाटा किती वाढवाव्यात, रात्रपाळीला किती माणसे ठेवावीत, हे प्रश्न चर्चेला येत. मेट्रनबाई बाहेर बाकावर बसून असत. आकडा अडला की त्यांना आत बोलावले जाई. त्या उभ्यानेच उत्तर देत आणि परत जात. त्यात काही चुकते आहे असे आम्हांलाही तेव्हा वाटले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या रिकाम्या राहिलेल्या खुर्चीशी निगडित आहे.

नेतृत्व म्हणजे नेमके काय?

परिचर्येच्या क्षेत्रात नेतृत्व म्हणजे केवळ अधिसेविकेचे पद नव्हे. आपल्या वॉर्डातील अडचण ओळखणे, तिची नोंद ठेवणे, ती आकड्यांनिशी वरिष्ठांपुढे मांडणे, सहकाऱ्यांना बरोबर घेऊन बदल घडवणे, नव्या मुलींना शिकवणे आणि कायदे व धोरणे ठरतात तेथे आपल्या पेशाची बाजू मांडणे, हे सारे नेतृत्वात येते. रात्री दोन वाजता बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला, की तिच्याजवळ असते ती परिचारिका किंवा प्रसाविका. (शास्त्रीय शिक्षण घेतलेली सुईण म्हणजे प्रसाविका, या अर्थाने आम्ही हा शब्द वापरीत आहोत.) काय करायला हवे हे तिला ठाऊक असते. ते करण्याचा अधिकार आणि आत्मविश्वास तिच्यापाशी आहे की नाही, यावर कधी कधी एका आईचा जीव अवलंबून असतो.

ही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत. ज्यांनी ही वाट आधी चोखाळली आहे, अशांच्या सहवासात ती येतात. म्हणूनच गेली अनेक दशके वेगवेगळ्या देशांतील परिचारिका एकमेकींचा हात धरून पुढे जाण्याचा प्रयत्न करीत आहेत.

शतकाहून जुनी परंपरा

इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस ही परिचारिकांची जागतिक संघटना १८९९ साली स्थापन झाली. आरोग्यक्षेत्रातील अगदी आरंभीच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संघटनांत तिची गणना होते. भारतात ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन १९०८ मध्ये उभी राहिली व १९१२ मध्ये ती या जागतिक संघटनेशी संलग्न झाली. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी पस्तीस वर्षे आपल्या देशातील परिचारिका जगाच्या व्यासपीठाशी जोडल्या गेल्या होत्या.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या विषयाचे एक बोलके पान आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी धर्मभगिनींना वैद्यकी व बाळंतपणाचे काम करण्यास सभेच्या नियमांनी मनाई होती. त्या काळी अखंड भारतातील रावळपिंडी येथे पडदानशीन स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नसत आणि उपचाराविना प्राण सोडत. ऑस्ट्रियात जन्मलेल्या व आयर्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. ॲना डेंगल यांनी तेथे काम करताना हे डोळ्यांनी पाहिले व १९२५ साली अमेरिकेत मेडिकल मिशन सिस्टर्स या संघाची स्थापना केली. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून निघालेल्या सूचनापत्राने धर्मभगिनींना वैद्यकी व प्रसूतिसेवेची वाट मोकळी झाली. रुग्णसेवेत असलेल्या स्त्रियांनी आपला अनुभव चिकाटीने वर पोहोचवला आणि नियम बदलला. नेतृत्व म्हणतात ते हेच.

ऑस्ट्रेलियाहून १९२० साली गुंटूरला आलेल्या डॉ. मेरी ग्लोरी यांनीही हाच मार्ग धरला. धर्मभगिनी झाल्यावरही वैद्यकी करण्याची खास परवानगी त्यांना पोपमहोदयांकडून मिळाली होती. स्वतः रुग्ण तपासण्यावर न थांबता त्यांनी स्थानिक स्त्रियांना औषधे देण्याचे, परिचर्येचे व बाळंतपणाचे शिक्षण दिले. १९४३ साली त्यांनी पायाभरणी केलेल्या संघटनेतून आजची कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली.

आजचे जागतिक चित्र

जागतिक आरोग्य संघटनेने १२ मे २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाखांची उणीव होती. प्रसाविकांविषयीच्या २०२१ च्या अहवालात ९ लाख प्रसाविका कमी पडत असल्याचे नमूद आहे. संख्येइतकाच अधिकाराचा प्रश्नही गंभीर आहे. २०१९ च्या एका अहवालाप्रमाणे जगातील आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत. वरिष्ठ पदांवर मात्र त्या केवळ २५ टक्के आहेत.

नेतृत्वविकासाची संधी तर याहून विषम आहे. २०२५ च्या अहवालानुसार ६६ टक्के देशांत परिचारिकांसाठी अशा प्रकारचे उपक्रम आहेत; परंतु अल्प उत्पन्नाच्या देशांपैकी केवळ २५ टक्के देशांत नेतृत्वाचे पद्धतशीर शिक्षण मिळते. जेथे गरज सर्वांत मोठी, तेथेच सोय सर्वांत तोकडी. आंतरराष्ट्रीय भागीदारीची निकड येथे दिसून येते.

शिकवण्याची पद्धत

वर उल्लेखिलेल्या जागतिक परिचारिका संघटनेने १९९० च्या दशकात ‘लीडरशिप फॉर चेंज’ हा कार्यक्रम सुरू केला आणि तो अनेक देशांत राबवला. त्याची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. सहभागी परिचारिका काही दिवसांच्या कार्यशाळेला येतात आणि पुन्हा आपापल्या कामावर जातात. दोन कार्यशाळांच्या मधल्या काळात त्यांनी गटागटाने आपल्याच रुग्णालयातील वा जिल्ह्यातील एखादा खरा प्रश्न हाती घेऊन तो सोडवायचा असतो. प्रत्येकीला एक अनुभवी मार्गदर्शक मिळते आणि प्रत्येकीने स्वतःच्या प्रगतीचा लेखी आराखडा तयार करायचा असतो. पुढे त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार केले जातात, म्हणजे परदेशी शिक्षकांची गरज हळूहळू संपते. धोरणपातळीवर काम करणाऱ्या ज्येष्ठ परिचारिकांसाठी याच संघटनेने २००९ पासून ग्लोबल नर्सिंग लीडरशिप इन्स्टिट्यूट चालवली आहे.

२०१८ ते २०२१ या काळात ‘नर्सिंग नाऊ’ ही जागतिक मोहीम चालली. ब्रिटनचे लॉर्ड नायजेल क्रिस्प व बोट्स्वानाच्या प्राध्यापिका शीला त्लोऊ हे तिचे सहअध्यक्ष होते. त्लोऊ या मूळच्या परिचारिका. पुढे त्या आपल्या देशाच्या आरोग्यमंत्री झाल्या. या मोहिमेने रुग्णालयांना आवाहन केले, की प्रत्येकाने २०२० या वर्षात वीस तरुण परिचारिका व प्रसाविकांना नेतृत्वाचे शिक्षण द्यावे. ते वर्ष परिचारिका व प्रसाविकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित झाले होते. पुढे महामारीने त्या वर्षाला वेगळेच रूप दिले. १२ मे २०२० रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी परिचारिकांना उद्देशून संदेश दिला आणि आरोग्यसेवा हे सर्वांच्या हिताचे मूलभूत क्षेत्र मानून त्यात गुंतवणूक करावी, असे राष्ट्रप्रमुखांना आवाहन केले.

जोडीदारीचा प्रयोग

प्रसाविकांच्या क्षेत्रात दोन देशांतील संघटनांची जोडी लावण्याची पद्धत विशेष रुजली. इंग्रजीत तिला ‘ट्विनिंग’, म्हणजे जुळे होणे, असे म्हणतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्ह्ज या संस्थेने २०१२ ते २०१५ या काळात नेपाळ, कंबोडिया व युगांडा या तीन देशांतील प्रसाविकांच्या संघटनांशी अशी जोडी केली. ब्रिटिश प्रसाविका स्वयंसेवक म्हणून तेथे गेल्या. त्यांचे काम बाळंतपणे करण्याचे नव्हते. शिक्षण, पेशाचे नियमन आणि संघटना हे प्रसाविकांच्या पेशाचे तीन आधारस्तंभ मानले जातात. ते भक्कम करण्यास स्थानिक भगिनींना साहाय्य करणे, एवढेच त्यांचे काम होते. नेपाळमध्ये त्या वेळी प्रसाविका हा परिचारिकेहून स्वतंत्र असा मान्यताप्राप्त पेशाच नव्हता. तेथे प्रसाविकांचा पदवी अभ्यासक्रम २०१६ साली सुरू झाला. त्याचे सारे श्रेय एका प्रकल्पाला देता येणार नाही. मात्र मागणी लावून धरणारी संघटना देशात उभी असणे किती मोलाचे असते, हे त्यातून कळते.

नेदरलँड्समधील प्रसाविकांची संघटना व पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनमधील संघटना यांनी २००९ पासून चार वर्षे अशीच जोडीदारी केली. येथे संघटनांबरोबर व्यक्तींच्याही जोड्या लावल्या गेल्या. एक डच प्रसाविका आणि एक सिएरा लिओनची, अशा दोघींनी एकमेकींचे काम पाहायचे, एकमेकींना प्रश्न विचारायचे व मिळून एखादे छोटे काम तडीस न्यायचे. प्रदीर्घ यादवी युद्धातून बाहेर पडलेला तो देश बाळंतपणातील मातामृत्यूंच्या बाबतीत जगात अत्यंत बिकट स्थितीत होता. पुढे २०१४ मध्ये इबोलाच्या साथीने तेथील आरोग्यसेवा पुन्हा हादरली. तरीही २०१५ च्या तत्कालीन अंदाजात लाख जन्मांमागे १,३६० असलेले मातामृत्यूंचे प्रमाण २०२० च्या अंदाजात ४४३ पर्यंत खाली आले. दोन्ही अंदाजांची गणनापद्धत सारखी नसल्याने हे आकडे तंतोतंत तोलता येणार नाहीत, आणि या घटीमागे कारणेही अनेक आहेत. पण ज्या देशात हे घडले, तेथे प्रसूतीच्या वेळी मातेपाशी उभी राहणारी प्रसाविकाच असते, हे विसरता येत नाही.

या प्रयोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी जोडीदारीची काही लक्षणे सांगितली आहेत : देणेघेणे दोन्ही बाजूंनी असावे, व्यक्तिगत स्नेह जुळावा, नाते काळाबरोबर बदलत व वाढत राहावे आणि दोन्ही बाजूंना नाव असलेल्या संस्था उभ्या असाव्यात. यांपैकी पहिले लक्षण आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जेथे एक बाजू केवळ देते व दुसरी केवळ घेते, तेथे उपकार होतात, नेतृत्व घडत नाही.

चार खुर्च्या

आफ्रिकेतील आणखी एक उपक्रम सांगण्याजोगा आहे. एड्सचे रुग्ण अफाट आणि डॉक्टर मोजके, अशा परिस्थितीत पूर्व, मध्य व दक्षिण आफ्रिकेतील अनेक देशांत परिचारिकाच रुग्णांना औषधे सुरू करून देऊ लागल्या होत्या. कायद्याने मात्र त्यांना तो अधिकार नव्हता. २०११ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठ, तेथील रोगनियंत्रण केंद्र आणि आफ्रिकेतील व राष्ट्रकुलातील परिचारिकांच्या संघटना यांनी मिळून एक उपक्रम आरंभला. प्रत्येक देशातून चार जणांना एकत्र बसवण्यात आले : शासनातील मुख्य परिचर्या अधिकारी, नर्सिंग कौन्सिलचे निबंधक, परिचारिका संघटनेचे अध्यक्ष व शिक्षणक्षेत्रातील एक प्रतिनिधी. या चौघांनी मिळून आपल्या देशातील नियमांतील एक उणीव निवडायची व लहानशा अनुदानात ती दूर करायची. परिचारिकेच्या कार्यकक्षेची फेरमांडणी आणि सेवेत असताना पुढील शिक्षण, असे विषय अनेकांनी हाती घेतले.

यातला बोध साधा आहे. एकट्या हुशार परिचारिकेला परदेशी पाठवून परत आणले, तर ती एकटीच राहते. निर्णय घेणाऱ्या चार खुर्च्या एका टेबलाशी आणल्या, तर नियम बदलतो.

बेळगावचे कापड

भागीदारी दोन्ही दिशांनी वाहते याचे एक सुंदर उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. बेळगाव येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय व अमेरिकेतील विद्यापीठे यांनी मिळून २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात एक संशोधन केले. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या गोळ्या उपयोगी पडतात का, हे पाहायचे होते. गोळ्या देणाऱ्या होत्या गावोगावच्या ए.एन.एम., म्हणजे साहाय्यक परिचारिका प्रसाविका. १,६२० बाळंतिणींच्या या अभ्यासात रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातील ए.एन.एम. ही जबाबदारी सुरक्षितपणे पार पाडू शकते, हे जगापुढे सिद्ध झाले.

रक्त किती गेले हे नुसत्या नजरेने ठरवणे कठीण असते. अंदाज बहुधा कमीच धरला जातो. म्हणून या संशोधनासाठी मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची एक पिशवीवजा चादर तयार करण्यात आली. बाळंतिणीखाली ती अंथरली की रक्त खालच्या भागात जमा होते आणि माप वाचता येते. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांत दोन लाखांहून अधिक बाळंतिणींचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात याच प्रकारच्या मापाच्या चादरीने रक्तस्राव वेळीच ओळखून सर्व उपचार एकदमच सुरू करण्यात आले. गंभीर परिणामांचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. प्रत्येक रुग्णालयात तेथीलच प्रसाविका व डॉक्टर यांना पुढाकार देण्यात आला होता.

आम्हांला या हकीकतीत नेतृत्वाचे मर्म दिसते. “डॉक्टर, रक्त जरा जास्तच जाते आहे असे वाटते,” असे चाचरत सांगणारी परिचारिका आता “पाचशे मिलिलिटर झाले, मी उपचार सुरू केले आहेत,” असे सांगू शकते. हाती माप आले, मापाने आवाज दिला आणि ठरलेल्या कार्यपद्धतीने अधिकार दिला.

भारतातील वाटचाल

प्रसाविका या स्वतंत्र पेशाला आपल्या देशात उशिराच मान्यता मिळाली. हैदराबादमधील फर्नांडिस रुग्णालयाने २०११ मध्ये ब्रिटिश प्रसाविकांच्या साहाय्याने अशा शिक्षणाचा आरंभ केला. २०१७ साली तेलंगण सरकार व युनिसेफ यांच्यासह करीमनगर येथे तीस परिचारिकांची पहिली तुकडी अठरा महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी दाखल झाली. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून अठरा महिन्यांच्या शिक्षणक्रमाची राष्ट्रीय चौकट आखली. २०२३ साली संसदेने १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संमत केला. ‘प्रसाविका’ हा शब्द कायद्याच्या नावातच आला, ही गोष्ट लहान नव्हे.

सावधगिरीचे काही मुद्दे

प्रत्येक भागीदारी फळाला येतेच असे नाही. पाहुणे येतात, भाषणे होतात, छायाचित्रे निघतात, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात आणि वॉर्डातील रात्रपाळी जशीच्या तशी राहते. कधी शिकून आलेल्या परिचारिकेला पूर्वीच्याच जागी, पूर्वीच्याच मर्यादांत बसवले जाते. तिचा उत्साह वर्षभरात मावळतो. कधी शिक्षणाच्या नावाखाली श्रीमंत देशांची नोकरभरतीच चालते. श्रीमंत देशांत जवळजवळ दर चार परिचारिकांमागे एक परदेशात जन्मलेली आहे. आपल्या मुलींनी परदेशी जाऊन कष्टाने संसार उभे केले आहेत, त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली स्वीकारलेली आंतरराष्ट्रीय नोकरभरतीची आचारसंहिता सांगते, की परिचारिका घेणाऱ्या देशाने पाठवणाऱ्या देशाच्या गरजेचाही विचार करावा. भागीदारी आणि भरती यांतील फरक ओळखता आला पाहिजे.

आपण काय करू शकतो?

परिचारिका भगिनींना आमचे सांगणे आहे, की एखाद्या परदेशी कार्यक्रमाचे निमंत्रण आले तर तीन प्रश्न अवश्य विचारावेत : परत आल्यावर मला कोणते काम करण्याची मुभा मिळेल? माझ्याबरोबर आणखी कोण शिकेल? वर्षभरानंतर मार्गदर्शक माझ्या संपर्कात असेल का? आपल्या व्यावसायिक संघटनेचे सभासदत्व घ्यावे. एकटीचा आवाज विरतो, संघटनेचा ऐकला जातो.

परदेशात काम करणाऱ्या आपल्या भगिनी स्वतःच एक सेतू आहेत. तेथील वॉर्डात पाहिलेली एखादी चांगली पद्धत, नोंदी ठेवण्याची रीत, पाळी बदलताना माहिती सोपवण्याचा शिरस्ता, हे सारे सुटीवर आल्यावर गावच्या दवाखान्यातील मैत्रिणींना सांगता येईल. आणि तिकडे जाताना आपल्याकडचे शहाणपणही न्यावे. मोजक्या साधनांत पंचवीस खाटा सांभाळणारी परिचारिका जगाला बरेच काही शिकवू शकते. बेळगावच्या चादरीने ते दाखवून दिले आहे.

रुग्णालये चालवणारे आम्ही सारे, मग ते विश्वस्त असोत, धर्मभगिनी असोत वा धर्मगुरू, यांच्यावर मात्र अधिक जबाबदारी येते. परदेशी पाहुणे बोलावण्याआधी आपल्या टेबलाशी एक खुर्ची वाढवावी लागेल. मेट्रनबाईंनी तेथे बसून बोलावे, हिशेब पाहावा, हरकत घ्यावी, मत द्यावे. बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या त्या मेट्रनबाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांची क्षमा मागण्याचा तेवढा एकच मार्ग आम्हांला दिसतो.